रंग सोडणारा कपडा

त्यांचं खरं नाव लाँड्रीच्या परवान्यावर होतं, पण परवाना भिंतीवर इतका उंच टांगलेला होता की ते कुणी कधी वाचलं नाही. सगळा रस्ता त्यांना डागकाकू म्हणायचा. शर्ट काउंटरवर पडायचा अवकाश, काकू चष्मा नाकावर ओढायच्या, डागावरून नख फिरवायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या, "शाई कसली, गंज आहे हा. ओल्या कठड्याला टेकून उभे होतात." माणूस चाट पडायचा, कारण तो खरंच कठड्याला टेकून उभा असायचा. काकूंना याचा भारी अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. माणूस खोटं बोलेल, कपडा बोलायचा नाही, असं त्या येताजाता ऐकवायच्या.

मात्र जेवढं दिसतं तेवढं सगळं बोलायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं. खिशांतून काय काय निघायचं! चिठ्ठ्या, तिकिटं, औषधाच्या अर्ध्या पट्ट्या, एकदा तर लहान मुलाचा दुधाचा दात. काकू ते न वाचता, न निरखता पाकिटात घालायच्या, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायच्या आणि पाकीट कपड्यालाच टाचून द्यायच्या. "खिशातलं खिशात," एवढंच म्हणायच्या. नवऱ्यालाही कधी काही सांगितलं नाही. खरं तर त्यांना सांगून काही बिघडलं नसतं. मागच्या खोलीत वाफेच्या मशीनपाशी उभा असणारा तो गृहस्थ दिवसाला दहा-पंधरा शब्दांवर भागवायचा, आणि त्यातले निम्मे शब्द मशीनला उद्देशून असायचे. काकू त्यांचा उल्लेख 'हे' असा करायच्या आणि 'हे' त्यांचा उल्लेख करायचेच नाहीत.

दुसरा नियम सासूबाईंचा. लाँड्री आधी त्यांची होती. गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर आपण बसायचं नाही. बसल्या बाईच्या हातचा कपडा चुरगळलेलाच निघतो, असं त्या म्हणायच्या. सासूबाई गेल्या, बाकडं दोनदा रंगवून झालं, पण तीस वर्षांत काकू त्यावर टेकल्या नव्हत्या. पाय सुजले तरी काउंटरच्या आत उभ्या.

वायफायचं खूळ लेकीनं आणलं. दोन दुकानं सोडून काचेची नवी लाँड्री निघाली, तिच्या दारावर 'बसा, वायफाय वापरा' असं लिहिलेलं. लेक म्हणाली, आपल्या वरच्या घरात वायफाय आहेच, तेच खाली दुकानात येतं, गिऱ्हाइकांना देऊ की! तिनं पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात 'मोफत वायफाय' असं लिहिलं, खाली पासवर्ड लिहिला, 'डागनाही', आणि पुठ्ठा बाकड्याच्या वर चिकटवला. काकूंना पासवर्ड आवडला. वायफाय आवडलं नाही, पण लेकीपुढे कुणाचं चालतं?

पुठ्ठा लागला म्हणून लोक बसायला लागले असं काही झालं नाही. कपडे टाकायचे आणि पळायचे. खरोखर बसणारं गिऱ्हाईक एकच, वकीलबाई. चाळिशीच्या, एकट्या, घरी म्हातारी आई. कोर्टात घालायचा काळा कोट त्यांच्याकडे एकच होता. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या तो अंगातून काढून काउंटरवर ठेवायच्या, आणि काकू ब्रश मारून, डाग काढून, इस्त्री करून देईपर्यंत चाळीस मिनिटं बाकड्यावर फोन बघत बसायच्या. काळ्या कोटावर गळलेले केस फार दिसतात. काकू ब्रश झटकत दर वेळी तेच विचारायच्या, "बाई, तुम्ही कोर्टात केस लढवता की केस गाळता?" आणि वकीलबाई दर वेळी तेवढ्याच मनापासून हसायच्या. हा विनोद इतका जुना झाला होता की मागच्या खोलीतले हेसुद्धा त्यावर एकदा हसले होते.

आता काकूंच्या फोनविषयी. फोन साधाच, लेकीनं वापरून दिलेला. पण काकूंची बोटं साधी नव्हती. इस्त्री तापली की नाही हे बोटाला थुंकी लावून बघणारी ती बोटं, त्यांची कातडी तीस वर्षांत काचेसारखी गुळगुळीत झालेली. फोनला ती बोटं ओळखूच यायची नाहीत. पहिल्यांदा दाबलं की काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा काकू रागानं दाबायच्या आणि भलतंच उघडायचं. त्यात जाहिराती. हवामान बघायला जावं तर अख्खा पडदा झाकून गुडघ्याचं तेल, नाहीतर हप्त्यावर मिळणारे जमिनीचे तुकडे. बहिणीचा निरोप वाचायला जावं तर 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात'. बंद करायची फुली कोपऱ्यात तिळाएवढी, आणि काकूंचं बोट त्या तिळावर कधी पडायचंच नाही. फुली दाबायला जावं, जाहिरात उघडावी. मधेच फोन विचारायचा, सूचना पाठवू का, होय की नाही? 'नाही' दाबायला गेलं की नेमकं 'होय' दाबलं जायचं. "हात दाखवून अवलक्षण," काकू करवादायच्या आणि फोन कपड्यांच्या ढिगात खुपसायच्या.

इथवर ठीक होतं. तेल आणि जमिनीचे तुकडे यांनी कुणाची झोप उडत नाही.

एके दिवशी दुपारी काकूंनी हवामान उघडलं आणि पडद्यावर एक बाई आली. सुंदर, हसरी, डोक्यावर एक केस नाही. खाली लिहिलं होतं, 'पहिल्या किमोला जाताना बॅगेत काय ठेवाल?' काकूंनी फुली दाबली. अर्थातच जाहिरात उघडली. मऊ मोजे, आल्याच्या गोळ्या, गार पडलं तर अंगावर घ्यायला शाल. काकूंनी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी दुसरी जाहिरात, 'केस कधी गळायला लागतात? घाबरू नका.' मग टोपांची जाहिरात, अगदी खऱ्या केसांसारखे टोप. मग डोक्याला बांधायचे मऊ रुमाल. आठवडाभरात गुडघ्याचं तेल पार हद्दपार झालं. फोन उघडला की तोच आजार.

आता कुणी म्हणेल, जाहिरातच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? पण काकूंचा जन्म खुणा वाचण्यात गेलेला. गंज पडला म्हणजे कठडा असणार, वास आला म्हणजे कारण असणार. लेकच एकदा सांगत होती की घरात कुणी काही शोधलं की त्याच्या जाहिराती यायला लागतात. काकूंनी ते वाक्य मनात घडी घालून ठेवलं होतं, ते आता उलगडलं. घरात माणसं तीन. काकूंनी काही शोधलं नव्हतं. ह्यांना टोप हवा असता तर वीस वर्षांपूर्वी हवा होता, तेव्हाच डोक्याचं मैदान झालं होतं. राहिली लेक.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आणि एकदा बघायचं ठरवलं की काय दिसत नाही? लेकीनं महिन्यापूर्वी केस एकदम आखूड कापले होते. का, तर म्हणे, "सोयीचं पडतं." मंगळवारी आणि गुरुवारी ती उजाडताच बाहेर पडायची, ऑफिसच्या वेळेच्या दोन तास आधी. का, तर "काम असतं गं." परत आली की डोळे लाल. जेवायची अधाशासारखी आणि रविवारी दुपारभर झोपायची. टॉवेल स्वतः धुवायची. लाँड्रीवाल्यांची मुलगी स्वतः टॉवेल धुते! काकूंनी एकदा तो वाळत घातलेला टॉवेल नाकाला लावला. दवाखान्यातल्या फरशीचा वास. तो वास काकूंनी हजारदा घेतला होता, दवाखान्याच्या चादरी त्यांच्याकडेच यायच्या एके काळी. टॉवेल त्यांनी होता तसा दोरीवर टाकला.

त्या दिवसापासून काकूंनी लेकीच्या उशीचा अभ्रा रोज सकाळी उजेडात धरायला सुरुवात केली. केस मोजायच्या. सोमवारी अकरा. मंगळवारी चौदा. बुधवारी नऊ, म्हणून जरा बरं वाटलं. गुरुवारी एकवीस, आणि काकूंनी अभ्रा तसाच हातात धरून मोरीत दहा मिनिटं नळ सोडून ठेवला, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

लेकीला विचारायचं धाडस होईना. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? ह्यांना एकदा सांगून बघितलं. "पोरगी वाळली नाही का हो?" हे मशीनकडे बघून म्हणाले, "नाही." एवढ्यावर संसार चालला होता तीस वर्षं.

दुकानातलं लक्ष उडालं. एका शर्टाची कॉलर पिवळी पडली, तीस वर्षांत पहिल्यांदा. शुक्रवारी वकीलबाई आल्या तेव्हा कोटावर इतके केस होते की ब्रश दोनदा झटकावा लागला. काकूंच्या तोंडून सवयीनं तेच वाक्य निघालं, "काय बाई, केस लढवता की गाळता?" वकीलबाई हसल्या नाहीत. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचं सगळं ध्यान वरच्या मजल्यावरच्या उशीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पुढच्या मंगळवारी काकूंनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. लेक बाहेरून येऊन आंघोळीला गेली होती आणि तिची बॅग खुर्चीवर होती. ज्या बाईनं परक्यांच्या खिशातली चिठ्ठी कधी उलगडली नाही, तिनं पोटच्या पोरीच्या बॅगेची चेन ओढली. आत ओली पिशवी. पिशवीत एक टोपी, रबराची, घट्ट, डोक्याला चिकटून बसेल अशी. काकूंना जाहिरातीतली ती हसरी बाई आठवली. त्या खाली फरशीवरच बसल्या.

लेक बाहेर आली ती थबकली. "आई? काय झालं?"

काकूंनी टोपी वर धरली.

"अगं, सांगणारच होते," लेक म्हणाली. "घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"कधीपासून?"

"दोन महिने होतील. आई, रडतेस काय? बरं चाललंय माझं. सर म्हणतात, आता खोल भागात जायला हरकत नाही."

"कुठल्या खोल भागात?"

"तलावात! पोहायला जाते मी. तू मला बादलीत हात घालू देत नव्हतीस लहानपणी, तुला काय सांगणार? पाण्यातल्या औषधानं केस खराब होतात म्हणून कापले. तू काय समजलीस?"

काकूंनी काय समजलं ते सांगितलं. अभ्र्यासकट. सोमवारचे अकरा, गुरुवारचे एकवीस. लेक आधी हसली, हसता हसता खाली बसली, मग तिचं हसू थांबलं.

"आई, तू माझे केस मोजत होतीस?"

"मग काय करू? फोन रोज तेच दाखवतोय."

"म्हणजे फोनवर विश्वास ठेवलास, आणि माझी बॅग उघडलीस. मला विचारलं नाहीस." लेकीनं टोपी त्यांच्या हातातून काढून घेतली. "लोकांच्या खिशांना हात लावत नाहीस तू."

काकूंना ते लागलं. पण लागूनही इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी लेकीचं ते ओलं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तिथंच तिची माफी मागितली. तलावाच्या पाण्यातलं औषध आणि दवाखान्यातल्या फरशीचं औषध, वास एकच. डागकाकूंना वास बरोबर कळला होता, जागा तेवढी चुकली होती.

हलकेपणा संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी फोनवर पुन्हा टोप आला. लेक नाही, हे नाहीत, आपण नाही. मग हे येतंय कुणाचं? आपल्याच पोटात काहीतरी असेल आणि फोनला आधी कळलं असेल, असंही काकूंना वाटून गेलं. भीती एकदा घरात शिरली की बाहेर पडताना चपला विसरते आणि परत येते. त्यांनी समोरच्या मोबाईलवाल्याचं दुकान गाठलं.

मोबाईलवाल्यानं फोन उघडला आणि शीळ घातली. "काकू, काय हे? एवढ्या जाहिराती उघडल्यात? पन्नासएक पानांना 'सूचना पाठवा, होय' म्हटलंय तुम्ही."

"मी कशाला म्हणू? मी बंद करायला जात होते."

"त्यांना तेवढं कळत नाही. दाबलंत म्हणजे आवडलं." तो एकेका पानाची परवानगी काढून टाकायला लागला. "पण सुरुवात तुमच्यापासून झाली नसणार. घराचं आणि दुकानाचं वायफाय एकच ना? तुम्ही, मुलगी, बाकड्यावरची गिऱ्हाइकं, बाहेरून बघणाऱ्याला सगळे एकाच पत्त्यावरचे दिसतात. त्या पत्त्यावर कुणी एकानं काही शोधलं, की जाहिरातवाले कधी कधी सगळ्यांच्याच मागे लागतात."

काकूंनी चष्मा नाकावर ओढला. "म्हणजे रंग उतरला."

"काय?"

"एका बादलीत दहा कपडे. एक कच्च्या रंगाचा. बाकी नऊ लाल होतात, आणि येडी बाई त्या नऊ कपड्यांना बोल लावत बसते."

"तसंच समजा," मोबाईलवाला म्हणाला. "फक्त हा रंग एका धुण्यात जात नाही. आठवडा-दोन आठवडे राहील."

काकू रस्ता ओलांडून परत आल्या त्या तणतणतच. बाकड्यावर कुणी तरी बसतं काय, खुशाल शोधतं काय, आणि आपण उशीवरचे केस मोजतो काय! कुणाचा का रंग असेना, आपल्या घरचा नाही, एवढंच त्यांना त्या वेळी वाटलं, आणि मनापासून बरं वाटलं. त्यांनी पुठ्ठा ओरबाडून काढला. वरच्या घरातल्या वायफायच्या डब्याची वायर उपटली. लेक म्हणाली, "अगं, मला लागतं ना," तर म्हणाल्या, "तुझ्या फोनमध्ये आहे की नेट. पोहायला जातेस, तेवढं पुष्कळ."

शुक्रवार आला. वकीलबाई नेहमीच्या वेळी आल्या, कोट काढून काउंटरवर ठेवला, बाकड्यावर बसल्या. काकूंनी कोट टेबलावर पसरला.

"काकू, वायफाय लागत नाही का?"

"बंद केलं." काकूंचा आवाज जरा चढलाच. "फुकटचं मिळतं म्हणून लोक काहीही बघत बसतात, आणि आमच्या फोनवर नको नको ते यायला लागलं."

"नको नको ते म्हणजे?"

वकीलबाईंचा आवाज अगदी बारीक आला. काकू उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा हात सवयीनं कोटाच्या खांद्यावरून ब्रश घेऊन गेला. त्यांनी ब्रश उलटा करून पाहिला. ब्रश स्वच्छ होता. दुसरा खांदा. स्वच्छ. कॉलरची आतली बाजू, पाठ, बाह्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कोटावर एकही केस नव्हता.

काकूंनी मान वर केली. वकीलबाईंचे केस जागच्या जागी होते, एकही बट इकडची तिकडे नाही, नुकतेच दुकानातून आणल्यासारखे. भुवया मात्र पेन्सिलीनं काढलेल्या. मागच्याच शुक्रवारी ब्रश दोनदा झटकावा लागला होता. आणि आपण काय विचारलं होतं? ते वाक्य काकूंना आता गळ्यात आडवं गेलेल्या काट्यासारखं टोचलं.

"काही नाही हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "गुडघ्याचं तेल. जमिनीचे तुकडे. डोकं उठवतात नुसते."

वकीलबाईंचे खांदे खाली आले. सुटल्यासारख्या त्या बोलायला लागल्या. "मला वाटलं... त्याचं काय आहे, मला घरी काही बघता येत नाही, तिथं फोनचं नेट लागत नाही, सगळं वायफायवरच. गेल्या वर्षी आईसाठी गुपचूप गुडघ्याचा पट्टा शोधत होते, तर मी घ्यायच्या आधी तिच्याच टीव्हीवर त्याची जाहिरात. घरच्या वायफायवर काही लपत नाही बघा. कोर्टात बघायचं तर शेजारी डोकावतात. म्हणून शुक्रवारी इथं बसून काय ते बघून घेते. इथं कुणाला त्रास नाही, असं समजत होते मी." त्या थांबल्या. "आईला सध्या काही कळायला नको आहे. तिचं हृदय नाजूक आहे."

एवढंच म्हणाल्या. काय कळायला नको, ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. खिशातलं खिशात. पण काकूंच्या मनात भराभर सगळं लागत गेलं. आपला डाग आईच्या अंगावर पडू नये म्हणून ही बाई तो इथं घेऊन येत होती, आणि तो आपल्या घरात पसरला म्हणून आपण वायर उपटली. आणि वर काय म्हणालो? आपल्या घरचा नाही ना, मग बरं! काकूंना स्वतःची लाज वाटली, साधीसरळ, कान तापवणारी लाज.

"वायर सैल झालीय बहुतेक," त्या म्हणाल्या. "थांबा, जोडते."

"बंद केलंय म्हणालात ना?"

"म्हणाले असेन. वय झालं." काकू जिना चढून वर गेल्या, वायर खोचली, आणि डब्यावरचा दिवा हिरवा होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. खाली येताना चुरगाळलेला पुठ्ठा केराच्या टोपलीतून काढला, त्यावर इस्त्री फिरवून तो सपाट केला आणि परत चिकटवला.

लेकीनं रात्री जेवताना बघितलंच. "आई, परत येतील जाहिराती."

"येऊ देत."

"मी तुझ्या फोनमध्ये अडवणारं काहीतरी घालून देते. एकही दिसणार नाही."

"नको," काकू म्हणाल्या. "असू दे." लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. तीही त्याच घरातली होती.

जाहिराती आल्या. पूर्वी काकू त्यांना घाबरून फोन पालथा घालायच्या, आता चष्मा नाकावर ओढून बघायच्या. आठवडाभर त्यांच्या जिवाला घोर होता, तो आता लेकीचा नव्हता एवढंच. मळमळ कमी व्हायच्या गोळ्यांची जाहिरात आली की काकूंना वाटायचं, आज बाईला उलट्या होत असतील. मग कोर्टात उभी कशी राहत असेल? एक दिवस काहीच आलं नाही, तर जीव आणखीच खालीवर झाला. फोन करून विचारावं तर काय म्हणून विचारणार? तुमच्या जाहिराती आल्या नाहीत, बऱ्या आहात ना?

शुक्रवारी वकीलबाई आल्या. चेहरा ओढलेला, पण आल्या. कोट दिला, बाकड्यावर बसल्या, फोन काढला. काकूंनी कोटावर ओलं फडकं टाकून इस्त्री धरली. दहा मिनिटांनी काउंटरवरचा फोन उजळला. डोक्याला बांधायचे रुमाल. पहिलाच निळा, फुलाफुलांचा, देखणा. काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. दोनदा झालं नाही, तिसऱ्यांदा झालं. रुमालाची कड जरा उलटलेली दिसत होती आणि आत, कपाळावर येईल तिथंच, जाड शिवण होती. दोरा सुती नव्हता. काकूंनी बाकड्याकडे पाहिलं. वकीलबाईंचा अंगठा पडद्यावर थांबला होता.

बोलावं तर तीस वर्षांचा नियम मोडतो. न बोलावं तर ती शिवण.

"वकीलबाई," त्या कोटावरून नजर न काढता म्हणाल्या, "ते निळं घेऊ नका."

अंगठा हलला नाही. "कोणतं निळं?"

"फुलांचं. आतून जाड शिवण आहे, नायलॉनच्या दोऱ्याची. उघड्या कातडीला टोचेल."

मागच्या खोलीत वाफ सुटण्याचा आवाज आला आणि थांबला. वकीलबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. काकूंना वाटलं, आता ही बाई उठेल, कोट घेईल आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या शुक्रवारपासून. कोटावर एकही केस नव्हता." काकूंनी कोटाची कॉलर नखानं सारखी केली. "आणि त्याच्या आधी मी तुम्हाला केस गाळता का म्हणून विचारलं. ते मला गिळता येत नाहीये, बाई. माफ करा मला."

वकीलबाईंनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग त्यांचे ओठ जरासे वाकडे झाले. "केस गेले, काकू," त्या म्हणाल्या. "केस चालू आहे."

आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बहुधा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच येत असावं, कारण ते थांबेना. काकूंनी काउंटरखालून धुतलेला रुमाल काढून पुढे केला. वकीलबाईंनी डोळे पुसले, भुवयांची पेन्सिल रुमालाला लागली, आणि त्यांनी फोन पुन्हा उलटा केला.

"मग कोणतं घेऊ?"

काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, आणि बाकड्यावर बसल्या. "दाखवा. आणि मधे जाहिरात आली तर फुली तुम्हीच दाबा. माझ्या बोटाला लागत नाही ती."